आखाडातलं तरट

ज्या महिन्याला आम्ही आखाड म्हणतो, त्याला कचेरीत शहरेवर म्हणायचे. हे मला सासऱ्यांनी सांगितलं. निजामाच्या अमलात शेतसाऱ्याच्या कामानं त्यांची खुलताबादला सारखी ये-जा असायची, म्हणून ती नावं त्यांना तोंडपाठ व्हती. बहमन, तीर, अमरदाद, शहरेवर. पाऊस तोच, चिखल तोच, वावरातलं तण बी तेच. घरात आखाड आन् कचेरीत शहरेवर.

पुढं पोलिस ॲक्शन झाली. निजामाचं राज गेलं आन् त्याच्या मागं शहरेवर बी गेला. साल-दोन साल म्हातारी माणसं ते नाव घ्यायची, मंग ती बी इसरली. एवढ्या मोठ्या राजाचे बाराच्या बारा महिने सरकारनं पुसून टाकले, कुणाच्या डोळ्यात टिपूस आलं नाय. पण आमच्या घरातला आखाड पुसायला कुणाचा बाप आला नाय. शहरेवरात सासूचं तोंड पाहिलं तर काय व्हतं, हे मला कुणी कधी सांगितलं नाय. शहरेवरात काहीच व्हत नव्हतं. जे वाईट व्हायचं ते आखाडातच. महिना तोच बरं का.

परवा आमच्या शहरातल्या, गारखेड्याच्या घरी नातसुनेच्या आईचा फोन आला. आखाड लागायच्या आत पोरीला न्यायला येतो म्हणली. घरात हसणं-खिदळणं चाललं. मी उठून आत गेले तर सून म्हणली, आई, तुम्हाला कशाचा राग आला? मला कशाचा राग आला हे एका दमात सांगण्यासारखं नाय. म्हणून बसून सांगते.

आमच्याकडं लगीन झाल्यावरच्या पयल्या आखाडात नव्या सुनंनं सासूचं तोंड पाहायचं नाय आन् सासूनं सुनंचं पाहायचं नाय. पाहिलं तर सासूच्या जिवाला वाईट. म्हणून जेठाची आवस व्हायच्या आत माहेराहून बाप नाय तर भाऊ पोरीला न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात. पोरगी महिनाभर आईपाशी राहती, तळलेल्या कापण्या खाती, दुपारची झोपती आन् सरावणात परत येती. ज्यांना माहेर हाय त्यांना ह्यात काय वाईट नाय. मी बी म्हणते, जा, खा, झोपा. पण जिला माहेर नाय तिनं कुठं जायचं, हे नेम काढणाराला सुचलं नाय. त्याला आई असंल.

माझी आई धामधुमीत गेली. पोलिस ॲक्शनच्या आधी लुटालुटीच्या भ्यानं आमचं गावच्या गाव घाट उतरून चाळीसगावाकडं पळालं. तिथं झाडाखाली पाल ठोकून राहिलो. आईला हगवण लागली आन् ती तिथंच मातीत राहिली. बाप त्याच्या आधीच गेलेला. देवगाव रंगारीच्या चुलत्यानं मला सांभाळलं, म्हणजे त्याची ढोरं मी सांभाळली. मी जरा उंच झाले तसं त्यानं मला खुलताबादच्या डोंगराखालच्या ह्या घरात देऊन टाकलं. दिलं म्हणत नाय, देऊन टाकलं म्हणते.

इसाखात लगीन झालं. जेठ सरत आला तसे आळीत मुराळी यायला लागले. कुणाचा भाऊ गाडी जुंपून, कुणाचा बाप पायी. मी गाठोडं बांधून वट्यावर बसले. पाण्याला जाता-येता बाया इचारायच्या, काय नवरीबाई, मुराळी वाट चुकला का? शेजारची एक म्हातारी म्हणली, चुकायला आधी वाटंला लागावं लागतं. सगळ्या हसल्या. मी बी हसले, कारण रडले असते तर सासूनं ऐकलं असतं. आवसंच्या दिवशी देवगावच्या बाजारातून आलेल्या माणसाच्या तोंडी चुलत्याचा निरोप आला. पेरणीची घाई हाय, पोरगी आता तुमची झाली, तुमचं तुम्ही बघा.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. निरोप ऐकून आत्याबाईंचं तोंड पांढरंफेक पडलं. ती दुष्ट नव्हती. राग असून सांगते, दुष्ट नव्हती. पण भ्यालेली व्हती. ती स्वतः नवी नवरी असताना तिच्या माहेरच्या नदीला पूर आला, मुराळी आला नाय, ती आखाडात सासरीच राहिली. सासूचं तोंड पाहिलं. आन् भादव्यात सासू तापानं गेली. झालं. जन्मभर तिला लोकांनी सासूखाई म्हणलं. भांडण झालं की नवरा बी तेच काढायचा. त्यात आता तिला दिवस व्हते, भरत आलेले. तवा सासू-सुनंचे पाळणे एकाच आढ्याला हलायचे, त्यात कुणाला लाज नव्हती. पण भरल्या पोटानं मरणाचं भ्या जास्ती वाटतं. तिला वाटलं, आता माझी पाळी.

सासऱ्यांनी गावच्या जोशीबुवांना बोलावलं. बुवांनी वट्यावर बसून पंचांग उघडलं, मिटलं, आन् म्हणले, पोरगी घरात राहिली तरी चालंल, फक्त दोघींनी एकमेकीचं तोंड पाहायचं नाय. शिधा घेतला आन् गेले. मला कुणी काय इचारलं नाय. मी दाराच्या आडून हे ऐकत व्हते.

त्याच दिवशी सासऱ्यांनी सरकीच्या पोत्याची तरटं उसवून दाभणानं जोडली आन् घराच्या मधोमध आढ्याला टांगली. चुलीकडं मी, दाराकडं ती. मी भाकरी थापायची आन् तरटाच्या खालून सरकवायची. तिला माझ्या बाजूला यायचं असलं की ती खाकरायची. खाकरणं आलं की मी हातातलं टाकून भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. ती यायची, डेऱ्यातलं पाणी घ्यायची, जायची. मंग लांबून म्हणायची, झालं. मी परत चुलीपाशी. कधी कधी झालं म्हणायला इसरायची. तव्यावरची भाकर जळायली, वास यायला, आन् मी भिंतीकडं तोंड करून उभीच. मंग भाकर जळाली म्हणून तीच बोलायची.

भिंतीला कुडाच्या मातीत गव्हाचा भुसा दिसायचा. कुठं काडी, कुठं कोंडा, कुठं कुणाचा तरी केस. आईचं तोंड मला आता नीट आठवत नाय, पण ती भिंत आठवती. ह्याचा मला राग हाय.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, वावरात माळ्यावर झोपायचे. त्यांनी बी महिनाभर तोंड दाखवलं नाय. पुढं सुईणीनं मला खरं कारण सांगितलं. आखाड म्हणजे पेरणी-खुरपणीचे दिवस, तरण्या गड्यानं वावरात राबावं, घराकडं पळू नये. आन् आखाडात पोट राहिलं तर बाळंतपण चैत-इसाखाच्या उन्हात येतं. म्हणून नव्या नवरीला माहेरी धाडायचं. एवढंच व्हतं तर तसं सांगा ना बाबांनो. आपल्या पोराला आवरायचं सोडून सासूच्या तोंडाआड कामून लपता?

आखाड अर्ध्याच्या वर गेला व्हता. खुरपणीचे दिवस, आळीतल्या सगळ्या दारांना कड्या. बाया-माणसं वढ्यापल्याडच्या वावरात, सुईण बी त्यांच्यातच. घरात मी आन् आत्याबाई, मधी तरट. दुपारी आभाळ फुटल्यागत पाऊस पडला. धाब्यातून पाणी गळायला लागलं, मी भांडी मांडत व्हते. तेवढ्यात पलीकडून तिचं कण्हणं आलं. आन् मी काय केलं? भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. बैलाला जशी सवय लागती तशी मला लागली व्हती. तिचा आवाज आला की भिंत.

ती म्हणली सुईणीला हाक मार. मी परसदारानं भिजत आळीच्या टोकाला गेले. वढा दोन्ही काठ भरून चालला व्हता, पल्याडचं माणूस दिसत नव्हतं, हाक पाण्यात बुडत व्हती. परत आले, तरटापाशी उभी राहिले. सांगितलं, आत्याबाई, वढा आलाय, कुणीच नाय. ती म्हणली,

"तूच ये. पण माझ्या पाठीमागून ये. पुढं यायचं नाय, सांगून ठिवते."

मी उलट्या पावलानं तरटाखालून तिकडं गेले. तिनं पदर तोंडावरून वढून त्याचं टोक दातात धरलं व्हतं. मी तिच्या मागं बसले, तिच्या काखेतून हात घालून तिला धरलं. आढ्याला बांधलेली दोरी तिच्या हातात. सुईण असली म्हंजे असंच करत्यात, एक बाई मागून धरती आन् सुईण पुढं बसती. इथं मागं मी व्हते आन् पुढं पाऊस.

चुलत्याच्या घरी ढोरांचं व्याणं मी लई पाहिलं व्हतं. मला कळत व्हतं की पुढं कुणीतरी पाहिजे. मी म्हणलं, मला पुढं येऊ द्या. ती दातातल्या पदरातून म्हणली, नाय. कळ आली, गेली. मी परत म्हणलं. परत नाय. तिच्या पोटात लेकरू अडकलेलं आन् डोक्यात आखाड अडकलेला. तिचं अंग थंड पडायला लागलं तसं मी तिला कणगीला टेकवलं, सोडलं आन् पुढं गेले. तिला इचारलं नाय.

डोकं भाईर आलं व्हतं. गळ्याला नाळंचा फास, लेकराचं तोंड जांभळाच्या रंगाचं. मी बोट घालून फास डोक्यावरून काढला. हात निसटत व्हते, धरायला कापड पाहिजे व्हतं. जवळ कापड एकच, तिच्या तोंडावरचा पदर. मी तो वढला. दातात धरलेला, जोर लावून वढला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे उघडे, टक्क. आन् म्हणली,

"माय, वाचीव गं मला."

मला माय म्हणणारी ती पयलीच. मी सोळा-सतरा वर्साची असंन. तिला वाचवलं. लेकराला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापटलं, ते रडलं. इळा इस्तवावर धरून नाळ कापली. पोरगा व्हता. तिच्या पोटावर ठेवला. तिनं दम खाल्ला, दोन घोट पाणी पिली, आन् मंग हातानं चाचपून पदर हुडकला. रगतानं भरलेला, वल्ला पदर. तो परत तोंडावर घेतला. मी पाहिलं ते.

वढा उतरल्यावर मंडळी आली. सासरे दारात उभे, अंगातून पाणी गळतंय, आत लेकरू रडतंय. पोरगा झाला का पोरगी, हे इचारलं नाय. बायको जिती हाय का, हे बी नाय. पयला सवाल,

"तोंड पाहिलं का?"

"नाय," आत्याबाई म्हणल्या. "ती माझ्या पाठीमागं व्हती. मी डोळे मिटले व्हते."

सासऱ्यांनी देवाला हात जोडले. मी तवर तरटाच्या अलीकडं आले व्हते, माझ्या हाताला अजून तिचं रगत व्हतं. मी बोलले नाय. बोलायला पाठीशी माहेर लागतं. कुणी घराभाईर काढलं तर जायला एक दार लागतं. माझ्यापाशी काय व्हतं? देवगावची ढोरं?

आन् आखाड संपला नव्हता. उरलेले दिवस तरट तसंच. ती पलीकडं बाळंतीण, मी अलीकडून खालून लापशी सरकवायची, तिचे कपडे धुवायची. जे लेकरू माझ्या हातात पयल्यांदा रडलं, ते मला सरावण लागेस्तोवर कुणी दाखवलं नाय. रडण्यावरून वळखायची, आता भूक लागली, आता वल्लं झालं. भिंतीकडं तोंड करून.

ही गोष्ट गावात पसरली. जोशीबुवा चार गावं फिरणारा माणूस, त्यांनी ती सगळीकडं नेली. अमक्याच्या घरात बाळंतपणात सुद्धा आखाड मोडला नाय, सुनंनं पाठीमागून बाळंतपण केलं पण तोंड पाहिलं नाय, म्हणून माय-लेकरू सुखरूप. बाया मला बघायला यायच्या. आपल्या सुनांना माझा दाखला द्यायच्या. म्हणजे बघा, मी नेम मोडला म्हणून दोन जीव वाचले, आन् गावानं सांगितलं की नेम पाळला म्हणून वाचले. मी केलं ते माझ्याच हातातून काढून घेतलं आन् त्याच्या दोऱ्या वळून दुसऱ्या पोरींना बांधायला घेतल्या. ती गोष्ट सांगणाऱ्यांत सगळ्यात पुढं आत्याबाई. सांगता सांगता तिला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली.

तो पोरगा, माझा दीर, मोठा झाला. बाहात्तरच्या दुष्काळात त्याचं लगीन झालं. जेवण नाय, वाजंत्री नाय, नवऱ्या मुलीच्या अंगावर उसनं लुगडं. लगीन लावून तिचे आई-बाप खडी फोडायच्या कामावर लांब कुठंतरी निघून गेले, घराला कुलूप. जेठ सरला. मुराळी आला नाय. येणार कोण?

आत्याबाईंनी माळ्यावरून तरट काढलं. तेच. उंदरांनी कडा खाल्लेल्या, पण माझ्या डोळ्यांनी ते वळखलं, मधल्या जोडाला सासऱ्यांच्या हातचा दाभणाचा टाका. सासरे तवा नव्हते. तिनं स्वतः ते टांगलं. आखाडात पावसाचा थेंब नाय, धाब्याचं घर भट्टीसारखं, आन् ती पोर तरटाआड चुलीपाशी तांबड्या मिलोच्या, म्हंजे सरकारनं भाईरदेशाहून आणलेल्या जवारीच्या, भाकरी थापायची. ती मिलो थापताना तुटती, दोनदा थापावी लागती. आत्याबाई खाकरल्या की पोरगी भिंतीकडं वळायची.

मी तरटाखालून आत गेले, तिला पाणी दिलं. तिचं लुगडं पाठीला चिकटलं व्हतं. मी म्हणलं, तरास व्हतो का गं? तर ती काय म्हणली ऐका.

"नाय जाऊबाई. तुम्ही तर बाळंतपणात पाळला म्हणत्यात. मला नुसतं भिंतीकडं बघायचं हाय, तेवढं बी नाय व्हणार का?"

माझ्या अंगाची लाही झाली. ती मला मोठी मानत व्हती. माझ्या नावानं ती भिंतीकडं तोंड करून उभी व्हती.

मी घागर उचलली आन् टाकीवर गेले. सरकारी पाण्याची गाडी यायची तिथं रांग लागायची. रांगेत शाळेचे गुरुजी व्हते, जोशीबुवांचा मुलगा. बुवा वारले व्हते. मी इचारलं, गुरुजी, आखाडाला आखाड कामून म्हणतात? त्यांना गंमत वाटली. सांगितलं की खरं नाव आषाढ. पुनवंला चांद ज्या नक्षत्रापाशी असतो, त्याचं नाव महिन्याला पडतं. चित्रापाशी असला की चैत, विशाखापाशी इसाख, मघापाशी माघ. आखाडात तो आषाढा नक्षत्रापाशी येतो. पूर्वाषाढा आन् उत्तराषाढा अशा दोघी हायत म्हणले, पाठोपाठच्या.

"आन् आषाढा म्हंजे काय?"

"जिला कुणी हरवू शकत नाही ती."

मी घागर खाली ठेवली. मी म्हणलं, ह्यात सासूचं तोंड कुठं आलं? ते हसले. म्हणले, नाही हो काकू, सासू नाही त्यात. मी म्हणलं, मंग तुमच्या वडलांनी त्या साली आमच्या वट्यावर बसून हे कामून नाय सांगितलं?

ते म्हणले, "त्यांना कुणी विचारलं नसेल."

कुणी इचारलं नसंल. पंचांग त्यांच्या मांडीवर, आन् इचारायचं मी? दाराआडून? गुरुजी चांगला माणूस, त्यांच्यावर राग काढून उपेग नव्हता. पण रिकामी घागर घेऊन मी घरी आले, पाण्याची वाट बी पाहिली नाय. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात. न हारणारीच्या महिन्यात ह्यांनी पोरींना भिंतीकडं तोंड करून उभं केलं.

वसरीत आळीतल्या बाया सरकारी मिलो निवडत बसल्या व्हत्या. आत्याबाई मधी. आन् ती तीच गोष्ट सांगत व्हती, मोठ्यानं, तरटापलीकडच्या पोरीला ऐकू जावी म्हणून. कसा वढा आला, कशी ही माझ्या पाठीमागं बसली, कसे मी डोळे मिटले. माझ्याकडं बोट करून म्हणली, इचारा हिला.

मी म्हणलं, "आत्याबाई, मी पुढं व्हते."

बायांचे हात थांबले. ती म्हणली, काय बोलायलीस? मी म्हणलं, मी पुढं आले, पोराच्या गळ्यातला फास काढला, तुमच्या दातातला पदर वढला. तुम्ही माझं तोंड पाहिलं, मी तुमचं पाहिलं. तुम्ही मला माय म्हणलात.

तिला लवकर सुचायचं, ते तवा बी सुचलं. म्हणली, "कळा येताना माणूस कुणाला बी माय म्हणतं."

"व्हय," मी म्हणलं. "पण तुम्ही माझ्याकडं बघून म्हणलात."

ती शेजारची म्हातारी, मुराळ्यावरून हसलेली, आता पार वाकली व्हती. ती सुपातली मिलो पाखडत म्हणली, मला तवाच वाटलं व्हतं, पाठीमागून कधी बाळंतपण व्हतं का. तवा वाटलं व्हतं तर तवा बोलायचं व्हतं ना म्हातारे. सगळ्यांना सगळं वाटत असतं. बोलत कुणी नाय.

दीर खडीवरून आला व्हता, दारात उभा राहून ऐकत व्हता. धुळीनं पांढरा झालेला. म्हणला, "वहिनी, म्हंजे मी आखाड मोडून आलोय व्हय?"

"मोडला म्हणून आलास," मी म्हणलं.

मंग मी आत जाऊन तरटाला हात घातला. आढ्याची दोरी जुनी, एका हिसक्यात तुटली. तरट खाली आलं, धुरळा उडाला. पलीकडं ती पोर हातात पीठ घेऊन उभी, भिंतीकडं तोंड. मी म्हणलं, वळ. ती वळंना. मी तिचे खांदे धरून तिला वळवलं.

आत्याबाईंनी तेवढ्यात काय केलं, तर स्वतः भिंतीकडं तोंड केलं. जाग्यावरच. मिलोचं सूप मांडीवर तसंच, आन् आमच्याकडं पाठ.

उरलेला आखाड तिनं तसाच काढला. मला वाटलं दोन दिवसांनी वळंल. वळली नाय. भिंतीपाशी बाज टाकली, तिकडं तोंड करून बसायची, तिकडं तोंड करून जेवायची. नवी सून भाकर घेऊन आली की हात मागं करायची. घरातल्या माणसांना वाटलं ती माझ्यावर रुसली. रुसली नव्हती, भ्याली व्हती. तिच्या पाठीकडं बघून मला दया यायला पाहिजे व्हती. नाय आली. मला वाटलं, बघ आता. बघ त्या भिंतीत काय काय दिसतं. काडी दिसती, कोंडा दिसतो. मी महिनाभर पाहिलंय.

त्या साली कुणी मेलं नाय. एक बैल गेला, चाऱ्यावाचून. तर ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणली, बघा, सांगत व्हते मी. मी म्हणलं, त्या बैलानं कुणाच्या सासूचं तोंड पाहिलं व्हतं? दीर हसला. नवी सून बी हसली, पदरात.

तरटाचं मी काय केलं, तर माझ्या हातानं त्याचे तुकडे केले आन् डेऱ्याला गुंडाळले. भिजवलं की पाणी गार राहायचं. दुष्काळात तेवढा तरी उपेग झाला त्याचा.

दिव्याच्या आवसंला मी समया-निरांजनं घासली. घरात तेल वातीपुरतं, तरी एक दिवा लावला. पाठमोऱ्या आत्याबाईंनी उजेड भिंतीवर पडलेला पाहिला असंल. म्हणल्या, "संपला का गं आखाड?"

"संपला."

तवा ती वळली. नव्या सुनेकडं पाहिलं नाय, आधी माझ्याकडं पाहिलं. बराच येळ. मला वाटलं आता बोलंल. इतक्या सालाचं एकदा तरी बोलंल. तिचं तोंड हललं. म्हणली,

"तुझे केस पिकायले की गं."

"पिकायलेत," मी म्हणलं. "तुम्हाला आज दिसले."

तिनं निरांजन उचललं आन् देवापाशी नेऊन ठेवलं. एवढंच. गावात ती गोष्ट सांगायची मात्र तिनं बंद केली. आन् माय हा शब्द माझ्यासाठी परत कधी काढला नाय. म्हातारपणी बाजेला खिळली तवा तिचं सगळं मी केलं, हगणं-मुतणं बी. शेवटचं पाणी मीच पाजलं, समोर बसून. डोळे उघडे व्हते.

नातसुनेला मी काल जवळ बसवलं. आईकडं जायचं असलं तर जाय म्हणलं, खुशाल जाय, तुला आई हाय. पण निघताना तुझ्या सासूच्या समोर उभी राहा. तिचं तोंड बघ, तुझं दाखव, मंग जाय. ती बरं म्हणली. मंग इचारलं, आजी, पणजीबाई कोणत्या महिन्यात गेल्या? आत्याबाईंचं इचारत व्हती.

ते मी कुणाला सांगत नाय. सांगितलं की लोक आखाडापासून बोटं मोजायला लागतात.